पारडी बदलून पाहिलेला सम्राट

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. पण किराणा दुकानातला नव्हे. माझ्यावर कधी कांदे चढले नाहीत की साखरेचा पुडा चढला नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत राहतो. माझ्या उजव्या पारड्यात तांदळाचा एक दाणा टाकलात तरी माझा काटा हलतो. असा नाजूक जीव मी. अशा माझ्याकडे एकोणपन्नासाव्या वर्षी रोमचा एक सम्राट तोलायला आला, आणि त्याच्यामागोमाग आमच्या गावचा एक माणूसही आला. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका कारखान्यात पितळेची दांडी घासून, तिच्या मधोमध अकीकाची धार बसवून मला तयार केले. अकीक हा कठीण दगड. त्या धारेवर माझी सगळी दांडी डुलते. दोन्ही बाजूंना एकसारखी पितळी पारडी, खाली लांब काटा, काट्यामागे बारीक रेघांची पट्टी आणि पायाशी समपातळी साधायला तीन पेच. कारागिराने शेवटी मला तपासले, रिकामी पारडी ठेवून काटा बरोबर मधल्या रेघेवर आला, तेव्हा तो हसला. ते माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक.

एकोणीसशे शहात्तर साली मी नेकनूरला मालमोटारीने आलो आणि तिथून बैलगाडीने या शाळेत. शाळा तेव्हा एका वर्षाची होती. मला पेटीतून बाहेर काढले ते हेडसरांनी. मोहनराव त्यांचे नाव. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन, आवाज असा की पटांगणातली शेळीदेखील जागेवर थांबावी. त्यांनी माझे पेच फिरवून मला समतोल केले आणि सगळ्या वर्गाला बजावले, "ह्याला हात लावायचा तर चिमट्यानं. ह्यो एकटाच शाळेत असा हाय, जो कुणाच्या ओळखीवर चालत न्हाई."

त्या वाक्याने मी किती फुगलो म्हणून सांगू!

माझी देखभाल म्हाळूमामांकडे होती. म्हाळूमामा शाळेचे शिपाई. फार मायाळू माणूस, पण विज्ञानाशी त्यांचा संबंध घंटा वाजवण्यापुरता. तपासणीला साहेब येणार असे कळले की ते चिंच आणि राख घेऊन माझ्याकडे येत आणि माझे उजवे पारडे आरशासारखे घासत. फक्त उजवेच. कारण दार उजवीकडे होते आणि साहेब दारातूनच आत डोकावत.

"मामा, डावं बी घासा की," एकदा एक मुलगा म्हणाला होता.

"डावं कोन बघतंय बे?" मामांनी राखेचा हात झटकला. "साहेब हितूनच माघारी जातेत."

मित्रांनो, त्या राखेबरोबर माझे पितळही थोडेथोडे जात होते. वर्षाला दोन तपासण्या. उजवे पारडे कौतुकाने झिजले आणि डावे दुर्लक्षाने मळून जड झाले. दांडीच्या टोकाचा पेच फिरवून ही चूक सुधारता आली असती, पण तो पेच कधीच जाम झाला होता. माझा काटा मधल्या रेघेवर येईनासा झाला. अगदी थोडा फरक. तो कुणाच्या लक्षात आला नाही.

तसे लक्ष द्यायला तेव्हा वेळ तरी कुणाला होता? दिवाळी झाली की गावातली निम्मी घरे ऊसतोडीला जात आणि मुलेही गाड्यांबरोबर निघून जात. हेडसरांना ते बघवेना. त्यांनी शाळेच्या तीन खोल्या रिकाम्या केल्या आणि आईबापांना सांगितले, "तुमी जा, लेकरं हितं ठिवा." वत्सलाबाई नावाच्या आजी भाकरी थापायला आल्या. पीठ हेडसरांच्या घरून यायचे. प्रयोगशाळेतही सहा-सात मुले राहत. माझ्या टेबलाखाली सतरंजी टाकायचा तो बजरंग. चौथीपासून तो प्रत्येक हंगामात माझ्याजवळ राहिला. सकाळी उठला की आधी माझ्या काट्याकडे बघायचा आणि मगच तोंड धुवायला जायचा. पुढे हायस्कुलात आला तेव्हा मला त्याच्याइतके ओळखणारे शाळेत दुसरे कुणी नव्हते.

याच हेडसरांनी चौऱ्याण्णव साली दहावीची कॉपी बंद केली. खिडक्यांतून येणारे कागद त्यांनी स्वतः उभे राहून अडवले. निकाल लागला अकरा टक्के. गाव खवळले. चहाला बोलावणारे लोक रस्ता बदलून जाऊ लागले. कुणीतरी त्यांच्या सायकलची हवा रोज सोडायचे. तेव्हापासून हेडसर बदलले. ते कपिलधारच्या वाटेवरच्या शेतात राहायला गेले. शाळेत यायचे, सह्या करायचे आणि कुणाशी न बोलता परत जायचे. कधी यायचेही नाहीत; मुलांच्या भाकरीचे पीठ तेवढे त्यांच्या घरून येत राहिले. उपमुख्याध्यापक चिठ्ठी लिहीत, म्हाळूमामा ती शेतात नेत आणि तिच्याच पाठीमागे हेडसरांचे उत्तर घेऊन येत. शेवटची काही वर्षे शाळा अशी चिठ्ठ्यांवर चालली.

सत्त्याण्णव साली अशाच एका चिठ्ठीने बजरंगला शाळेबाहेर काढले. नववीच्या प्रात्यक्षिकानंतर काय झाले ते मी पाहिले होते, पण तराजूला बोलता येत नाही. मुलांनी वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. कुणी म्हणाले, त्याने तराजू मोडला. कुणी म्हणाले, सरांना उलट बोलला. बजरंग त्या हंगामात आईबापांबरोबर कारखान्यावर गेला आणि पुन्हा शाळेत आला नाही.

नंतर हेडसर निवृत्त झाले. बटनाचा तराजू आला. मला कपाटावर चढवले. माझ्या काचेच्या पेटीत पालीने दोनदा अंडी घातली. वीस-बावीस वर्षे मी तिथून छताचे पत्रे मोजले. एकूण चौदा.

आता यंदाचे सांगतो. शाळेला पन्नास वर्षे झाली. स्मरणिका काढायचे ठरले. मोहनराव हेडसरांवरचे पान लिहायचे काम त्यांची नात स्वप्नाली हिला मिळाले. ती दहावीत. अक्षर मोत्यासारखे आणि आबांवर जीव. आबा आता ब्याऐंशी वर्षांचे. निवृत्तीनंतर त्यांनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. या पानाने तरी आबा कार्यक्रमाला येतील, एवढी एकच तिची आशा होती. तिने मसुदा प्रयोगशाळेतच बाकावर बसून लिहिला आणि शेजारच्या मैत्रिणीला वाचून दाखवला. "ऋषितुल्य मुख्याध्यापक…"

"ऋषितुल्य?" शेजारची संस्कृती म्हणाली. "ऋषी पोरांला दाखले देऊन हाकलत व्हते का गं?"

संस्कृती ही बजरंगची मुलगी. बजरंगची आता गावात पिठाची गिरणी आहे.

"माझ्या आबांनी उगंच न्हाई काढलं कुणाला," स्वप्नाली म्हणाली.

"मग कावून काढलं, सांग ना. माझा बाप चोर हाय का? तू हे पान छाप, माझा बाप कार्यक्रमाला पाय ठेवायचा न्हाई. आन् मी बी."

दोघी पाचवीपासून एका बाकावर बसत होत्या. त्या दिवशी संस्कृती उठून मागच्या बाकावर गेली.

मनिषा मॅडमनी हे सगळे दारातून ऐकले. त्या विज्ञानाच्या. पण इतिहासाची जागा दोन वर्षे रिकामी होती, म्हणून दहावीचा इतिहासही त्याच शिकवत. कमी बोलणाऱ्या बाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कपाटावरून उतरवले, मऊ कुंचल्याने पालीची टरफले काढली आणि टेबलावर ठेवले.

"आज इतिहासाचा तास आहे," त्या म्हणाल्या. मुले एकमेकांकडे बघू लागली.

त्यांनी नदीतला एक गोटा माझ्या डाव्या पारड्यात ठेवला आणि संस्कृतीला वजने टाकायला सांगितले. तेवीस पूर्णांक सेहेचाळीस ग्रॅम. मग गोटा उजव्या पारड्यात ठेवला, वजने डाव्या. तेवीस पूर्णांक तीस.

"मॅडम, हा तराजू खोटारडा हाय," मागून कुणीतरी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"खोटारडा नाही. एका बाजूला कललेला आहे," मॅडम म्हणाल्या. "कललेला तराजू फेकायचा नसतो. पारडी बदलून दोनदा तोलायचे आणि दोन्हीची सरासरी घ्यायची. बोला, किती?"

"तेवीस अडतीस."

"हे त्या गोट्याचं खरं वजन. आता गोट्याच्या जागी माणूस ठेवू. असा माणूस, ज्याचं तुमच्यापैकी कुणाशीच नातं नाही."

आणि त्यांनी फळ्यावर लिहिले : तिबेरियस. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमचा दुसरा सम्राट. तेवीस वर्षे राज्य केले. सैन्य नीट ठेवले, खजिना भरून ठेवला. पण शेवटची अकरा वर्षे राजधानीत पाऊल टाकले नाही. समुद्रातल्या एका बेटावर राहिला आणि तिथून पत्रे पाठवून राज्य चालवले.

"आपल्या हेडसरासारखं," एक मुलगा कुजबुजला. स्वप्नालीने मान खाली घातली. मॅडमनी ऐकले नसल्यासारखे केले.

"त्याच्याबद्दल लिहिणारा पहिला माणूस त्याच्याच सैन्यात अधिकारी होता. सम्राट जिवंत असतानाच त्याने लिहिलं. सगळी स्तुती. दुसरा इतिहासकार सम्राट मेल्यावर वीस वर्षांनी जन्मला आणि त्याने लिहिलं तेव्हा ऐंशी वर्षं होऊन गेली होती. त्याने स्वतः दुसऱ्या एका क्रूर बादशहाची दहशत भोगली होती. तो म्हणतो, हा माणूस आयुष्यभर चांगुलपणाचं सोंग करत होता, शेवटी सोंग गळून पडलं. तिसऱ्याने बेटावरच्या कुचाळक्या गोळा केल्या. खऱ्या किती, खोट्या किती, कुणालाच माहीत नाही. आता सांगा, कोणाचं ऐकायचं?"

"पहिल्याचं. त्यानं डोळ्यानं पाहिलं व्हतं," स्वप्नाली म्हणाली.

"आन् वाईट लिहिलं असतं तर मुंडी राहिली असती का त्याची?" मागच्या बाकावरून संस्कृती.

वर्ग हसला. मॅडमही किंचित हसल्या. "बरोबर. म्हणून पारडी बदला. स्तुती करणाऱ्याने नाइलाजाने काय वाईट लिहिलंय ते शोधा. निंदा करणाऱ्याने नाइलाजाने काय चांगलं लिहिलंय ते शोधा. तो दुसरा, निंदा करणारा इतिहासकार, त्यानेच लिहून ठेवलंय की एका रात्रीत बारा शहरं भूकंपात पडली, तेव्हा या सम्राटाने मदत पाठवली आणि पाच वर्षांचा कर माफ केला. त्याला हे लिहायची हौस नव्हती. म्हणून ते जड आहे. त्याच सम्राटाने बेटावर बसून, एका मर्जीतल्या माणसाचं ऐकून, समोर न बोलावता लोकांना शिक्षा केल्या. तेही खरं आहे. एका खऱ्याने दुसरं खरं पुसलं जात नाही."

मी ऐकत होतो. मित्रांनो, मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले की घासून झिजलेले उजवे पारडे आणि मळून जड झालेले डावे पारडे माणसांच्या लिहिण्यातही असते.

तास संपला. मला उचलून बाजूला ठेवताना माझ्या पायाखालून कागदाची एक घडी पडली. मी डगमगू नये म्हणून म्हाळूमामांनी फार वर्षांपूर्वी ती पायाखाली सारली होती आणि ती पेचाला घट्ट चिकटून राहिली होती. स्वप्नालीने ती उचलली. अक्षर तिने लगेच ओळखले.

पुढच्या बाजूला उपमुख्याध्यापकांनी लिहिले होते : "नववीच्या सर्व मुलांना गोळ्याचे वजन पन्नास आले. बजरंग पन्नास पूर्णांक सहा शतांश लिहितो. तराजूशी खेळ केला असावा. विचारले तर म्हणतो, तराजूच खोटा. काय करावे?" पाठीमागे आबांचे अक्षर : "शिस्त मोडणाऱ्यास दाखला द्यावा. मो."

स्वप्नालीने चिठ्ठी दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहिले. तिला कळले होते. पन्नास ग्रॅमचा तो पितळी गोळा, त्याचे वजन सगळ्यांना आधीच ठाऊक होते. सगळ्यांनी न तोलता पन्नास लिहिले, एकमेकांचे बघून. एकट्या बजरंगने काटा जिथे थांबला ते लिहिले. कॉपी बंद करण्यासाठी गावाशी वैर घेतलेल्या हेडसरांनी कॉपी न करणारा एकच मुलगा शाळेबाहेर काढला होता.

तिने चिठ्ठी मुठीत दाबली. मला वाटले, आता फाडणार. फाडली असती तर मी कुणाला सांगणार होतो? पण तिने ती कंपासपेटीत ठेवली आणि घरी गेली.

चार दिवस काही झाले नाही. संस्कृती मागच्याच बाकावर बसत होती. पाचव्या दिवशी ती मधल्या सुट्टीत आली आणि स्वप्नालीसमोर एक कागद ठेवला.

"हे घे. बापाला इचारलं, हेडसराबद्दल काय लिवू. म्हणला, दाखल्याचं लिवशील तर भाकरीचं बी लिव. पाच हंगाम त्यांच्या घरचं पीठ खाल्लं, ते खोटं न्हाई. मी समदं लिवलंय, खोल्यांचं, वत्सलाआजीचं. तुझं ऋषितुल्य मात्र न्हाई टाकलं."

स्वप्नालीने तो कागद शेवटपर्यंत वाचला. मग तिने वहीतून स्वतःचा कागद काढला. "मी पण लिवलंय. तुझ्या बाबांचं."

संस्कृतीने वाचायला घेतले. त्यात ती चिठ्ठी होती, दोन्ही बाजू, शब्दन् शब्द. खाली लिहिले होते : बजरंग यांचे उत्तर बरोबर होते.

"आबांला दावलं का?"

"काल दावलं. जेवले न्हाईत. सकाळी म्हणले, मला शाळंत ने."

आणि खरोखर, त्याच दुपारी हेडसर आले. काठी टेकत, त्यांना आणायला गेलेल्या स्वप्नालीचा हात धरून. तोच पांढरा सदरा, फक्त आता खांद्यावरून ओघळणारा. दारात थांबले. उजवीकडूनच त्यांना मी दिसलो. मनिषा मॅडमनी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. संस्कृती धावत गिरणीवर गेली आणि बापाला घेऊन आली. बजरंगच्या भुवयांवर पीठ होते. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"ये की आत," हेडसर म्हणाले. "तुझं प्रात्यक्षिक अर्धं राहिलंय."

"आता काय करायचं गुरुजी, ते करून?"

"मला बघायचंय."

बजरंगने हात पँटला पुसले. वजनपेटी उघडली. आणि मित्रांनो, अठ्ठावीस वर्षांनी त्या माणसाने आधी माझ्या काट्याकडे पाहिले, मग चिमटा उचलला. पितळी गोळा डावीकडे. वजने उजवीकडे. त्याचे मोठे, गिरणीच्या पट्ट्याने घट्टे पडलेले हात जरादेखील हलले नाहीत.

"पन्नास पूर्णांक आठ शतांश," तो म्हणाला. "फरक वाढलाय गुरुजी. तवा सहा होता."

"आता पारडी बदल," हेडसर म्हणाले. नातीने त्यांना ते शिकवले असावे.

बजरंगने बदलली. "एकोणपन्नास ब्याण्णव." मनातल्या मनात सरासरी काढली. "मधी पन्नास."

"तू तवा काय म्हणला व्हतास?"

"तराजूच खोटा हाय म्हणलं व्हतं."

"खरं म्हणला व्हतास." हेडसरांचा तो पटांगणभर घुमणारा आवाज आता काचेच्या पेटीबाहेरही जेमतेम जात होता. "मी शेतात बसून एका बाजूचं वाचलं आन् दाखला लिवला. तुला बोलावलं न्हाई. पारडी बदलली न्हाईत. चूक माझी हाय, बजरंग. तराजूची न्हाई."

बजरंग माझ्या पेटीचे दार बंद करत होता आणि ते दार त्याला लवकर सापडत नव्हते. मग तो म्हणाला, "मग दाखला माघारी घेता का? उद्यापासून नववीत बसतो. पोरगी दहावीत हाय, तिचीच पुस्तकं वापरीन."

आधी संस्कृती हसली, मग स्वप्नाली. मग हेडसरांनी तोंडाला धोतराचा सोगा लावला. ते हसत होते की नाही हे मला काचेतून नीट दिसले नाही.

जाताना त्यांनी स्वप्नालीचा कागद मॅडमना दिला. "छापा. चिठ्ठी बी छापा, माझ्या अक्षरासकट." मग दारात थांबून म्हणाले, "पोरगी त्या रोमच्या बादशहाचं सांगत व्हती. पुन्हा राजधानीत न जाताच मेला म्हणं. कुनी त्याला हात धरून माघारी आणला न्हाई."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मी सुटलो मग," हेडसर म्हणाले आणि बजरंगच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरले.

स्मरणिकेत ते पान दोन भागांत आले. चांगले लिहिले संस्कृतीने, चूक लिहिली स्वप्नालीने. कार्यक्रमाच्या दिवशी मी प्रयोगशाळेतच होतो, पण कर्ण्यावरून सगळे ऐकू आले. टाळ्या वाजल्या, त्या कोणत्या वाक्याला ते मात्र कळले नाही.

आता मी पुन्हा टेबलावर राहतो. माझ्या काचेवर मॅडमनी एक चिठ्ठी चिकटवली आहे : "हा तराजू आठ शतांशाने चुकतो. पारडी बदलून तोलावे." आधी मला त्या चिठ्ठीची लाज वाटली. आता वाटत नाही. किती चुकतो हे ज्याच्या अंगावर लिहिलेले असते, त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

दर शनिवारी गिरणी बंद झाली की बजरंग येतो आणि मऊ कुंचल्याने मला झाडतो. चिंच नाही, राख नाही. मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखा कुणी जुना कोपऱ्यात पडला असेल. त्याला फेकून देण्याआधी एकदा खाली उतरवा, धूळ झाडा आणि तो किती चुकतो ते तपासा. आणि पुसायला घ्याल तेव्हा माझी एकच विनंती लक्षात ठेवा : दारातून दिसते तेवढेच पारडे पुसू नका.